धाकटीचा ट्रे

पंपाचे टायमर बनवणाऱ्या त्या कारखान्यात थोरलीने डोळे फोडून इतकी वर्षं सोल्डरिंग केलं, आणि मालकाच्या तोंडी कौतुक कुणाचं? काल आलेल्या धाकट्या जावेचं! घरी सासूबाईंना तिचाच चहा गोड लागतो, इथे मालकाला तिचंच काम. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. त्यातून आता टेबलावरच्या बायकांमधून एकीला मुख्य नेमायचं होतं. ती जागा धाकटीला गेली, तर घरीदारी तोंड कुठे लपवायचं?

आणि नेमका धाकटीचाच पाय घसरला. नव्या टायमरची वेळ चुकू नये म्हणून त्यात वेगळा ऑसिलेटर घालायचा होता, चिपला बाहेरून ठेका देणारी एवढीशी चौकोनी डबी. आधी ती जोडायची, मगच कॉम्प्युटरवरून चिपला सांगायचं, की आता आतला ठेका सोड, बाहेरचा धर. धाकटीने घाईघाईत डबी न जोडताच ट्रेभर चिपांना सांगून टाकलं. झालं! ठेकाच नाही म्हटल्यावर सगळ्या मुक्या होऊन बसल्या. कॉम्प्युटर एकीलाही ओळखेना.

"ताई, जळल्या का हो या?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

जळतात कशाला! थोरलीने हीच चूक एकदा स्वतः केली होती आणि निस्तरलीही होती.

"मला बाई काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. मनात म्हणाली, बरी जिरली!

दुपारी मालक आले. ट्रे पाहून त्यांचा पारा चढला. "सगळं भंगारात घालायचं का आता?"

थोरली याच क्षणाची वाट पाहत होती. पदर खोचून ती उठली. एका सुट्या ऑसिलेटरला करंट दिला, त्याची वायर चिपच्या ज्या पायातून ठेका आत जातो त्या पायाला टेकवली. कॉम्प्युटरने चिप लगेच ओळखली.

"कमाल आहे!" मालक म्हणाले. "पण काय हो, ही सकाळपासून रडतेय म्हणे. तुम्ही गप्प का बसलात?"

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी त्यांना विचारलंच नाही, साहेब," धाकटी म्हणाली. "भीती वाटली."

"मग आजपासून मुख्य याच. यांना विचारत जा."

"हो," धाकटी म्हणाली आणि पुढची चिप थोरलीच्या हातात दिली.

हवं ते पदरात पडलं होतं, पण थोरलीला मेलीचा असा राग आला म्हणता! चांगुलपणातसुद्धा हीच पुढे.