त्रुटीकाका आणि वीस सेंटिमीटर

त्रुटीकाका पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आमच्या घराने पोट आत घेतलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एरवी फाटकापाशी ऐसपैस पसरलेला व्हरांडा सावधान उभा राहिला, वर्षानुवर्षं एका खिळ्यावर लटकणारी टपालपेटी सरळ झाली आणि गॅलरीतून खाली लोंबणारी ओली चादर कुणी न ओढता वर गेली. काकांच्या काखेत तोफेसारखी कागदांची गुंडाळी, खिशात तांबडं, निळं आणि काळं अशी तीन पेनं, आणि चष्मा इतका जाड, की त्यातून गिलाव्याआडच्या विटा मोजता याव्यात. ते नमस्कार म्हणण्याआधीच फाटकापासून चपलांच्या कपाटापर्यंत त्यांनी आमच्या घराच्या अकरा चुका काढल्या होत्या. बारावी चूक मी होतो.

"तुम्ही दारात उभे आहात," ते म्हणाले. "जाण्यायेण्याच्या मार्गात अडथळा."

मी बाजूला झालो. पुढचं वर्षभर मी बाजूलाच होतो.

त्रुटीकाका हे नाव त्यांना ठेकेदारांनी दिलेलं. एकतीस वर्षं ते पालिकेत बांधकाम परवान्याच्या खात्यात छाननीला होते. लोकांचे नकाशे तपासायचे, चुका शोधायच्या आणि तांबड्या पेनाने लिहायचं, 'खालील त्रुटींची पूर्तता करावी'. असं म्हणतात की एका अर्जावर त्यांनी इतक्या त्रुटी लिहिल्या, की अर्जदाराने घराचा नाद सोडून होडी घेतली. निवृत्तीनंतर ते टेबलाच्या अलीकडे आले आणि स्वतःच लोकांना नकाशे काढून देऊ लागले. त्यांचं स्वतःचं बिऱ्हाड मात्र भाड्याच्या दोन खोल्यांतच राहिलं. स्वतःच्या घराचा नकाशा त्यांनी एकोणीस वेळा काढला होता आणि एकोणीस वेळा स्वतःच तांबड्या पेनाने परत पाठवला होता.

आम्हाला काही होडीबिडी घ्यायची नव्हती. आम्हाला एक खोली हवी होती, आणि ती आईला हवी होती.

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेल्यापासून तिला जिना चढवेना, म्हणून तिचा पलंग वरून खाली आणून हॉलमध्ये टाकला. हॉलमध्ये टीव्ही, हॉलमध्ये माझ्या शिकवणीची मुलं, हॉलमध्ये पाहुणे, आणि या सगळ्यांच्या मधोमध आई, रेल्वे फलाटावर सामान राखत बसल्यासारखी. दुपारी तिचा डोळा लागला की कुणीतरी हमखास विचारायचं, "झोपलात का?" दोन वर्षं तिने हे सोसलं. मग एक दिवस मला शांतपणे म्हणाली, "मला मोठी खोली नको. खिडकीही नसली तरी चालेल. एक दार हवं, जे मला आतून लावता येईल."

मी तत्काळ वहीचा कागद फाडून खोलीचा नकाशा काढला. मी शाळेत गणित शिकवतो, भूमिती माझ्या हातचा मळ आहे अशी माझी समजूत. तो कागद घेऊन मी पालिकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "हे मुलीने काढलंय का?" त्यानंतर बायकोने सरळ त्रुटीकाकांना फोन केला.

जागा होती ती घराची बाजूची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये. मागे सांडपाण्याचं चेंबर, पुढे गॅसच्या टाक्या ठेवायचा कट्टा. त्यांच्यामध्ये लांबीला पलंग आणि त्याच्या पायथ्याशी एक कपाट बसेल, बस्स. रुंदी किती मिळते यावर सगळं अवलंबून, कारण कुंपणापासून दीड मीटर जागा मोकळी सोडायचीच, असा नियम.

मोजमाप घ्यायच्या दिवशी काका त्यांची टेप विसरले. हा माणूस जन्मात एकदाच काहीतरी विसरला आणि ते माझ्या वाट्याला आलं. मी मोठ्या रुबाबात घरातली टेप काढली.

आता आमच्या टेपविषयी सांगायला हवं. आमची टेप वीसपासून सुरू होते. फार वर्षांपूर्वी माझ्याच हातून ती गाडीच्या दारात सापडली आणि पहिले वीस सेंटिमीटर तुटून गेले. नवी टेप आणायचं आम्ही दर महिन्याला ठरवतो. तोवर घरातले सगळे वीस वजा करतात. बायको पडदे तसेच मोजते, मुलीने कपाट तसंच मोजलं. आईसुद्धा विणकाम मोजताना तोंडातल्या तोंडात 'वीस कमी' म्हणते. आमच्या घरात ते श्वास घेण्यासारखं झालंय.

पण त्या दिवशी समोर एकतीस वर्षांच्या अनुभवाचा तज्ज्ञ बसलेला. काकांनी टेप हातात घेऊन तिचं तुटलेलं टोक नीट पाहिलं होतं, हे मी बघितलं. म्हटलं, त्यांनी पाहिलंय म्हणजे वजा तेच करणार. आपण मध्येच आकडा कमी करून सांगणं म्हणजे सर्जनला सुरी कशी धरायची ते शिकवणं. म्हणून मी टेपवर दिसेल तोच आकडा खणखणीत आवाजात सांगितला, "तीन मीटर सत्तर." तिकडे काकांच्या कानावर नुकतंच माझ्या बायकोचं बोलणं पडलेलं, की आमच्यात सगळे वजा करूनच सांगतात. त्यांनी विचार केला, समोर गणिताचे मास्तर आहेत. त्यांच्यापुढे पुन्हा वजाबाकी काढणं बरं दिसणार नाही. त्यांनी लिहिलं, तीन मीटर सत्तर.

कुंपणापर्यंत खरी जागा साडेतीन मीटर होती. वजाबाकी मी बावीस वर्षं शिकवतोय. हातच्याची सुद्धा.

नकाशा मात्र असा देखणा उतरला की फ्रेम करून लावावा. भिंतीला जाड रेघ, खिडकीला बारीक, आईच्या पलंगावर चक्क उशी काढलेली. दार आत उघडणारं, त्याची चंद्रकोरीसारखी कमान. आईने त्या कमानीवरून बोट फिरवलं. त्या दिवसापासून काका आले की तिच्याशेजारी बसू लागले. त्यांना न बिचकणारी आमच्या घरातली ती एकटीच होती. उलट पहिल्याच भेटीत तिने त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेल्याचं दाखवलं होतं, आणि काकांनी तिथल्या तिथे पूर्तता केली होती.

अर्ज गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. वर एकही शेरा नाही, नुसता परत. काका चौकशीला गेले तेव्हा छाननीला आता बसणारा त्यांचाच जुना हाताखालचा माणूस म्हणाला, "साहेब, तुमच्या नकाशात एकही चूक सापडत नाही. म्हणजे काहीतरी लपवलेलं असणार. मी सही कशी करू?" काका घरी आले ते चेहरा पाडून. मुद्दाम चूक करणं त्यांच्या हाताला जमेना. तीन दिवस झगडून त्यांनी उत्तर दिशेचा बाण जरा पूर्वेला वळवला आणि रात्रभर जागे राहून सकाळी पुन्हा उत्तरेला फिरवला. शेवटी ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी सही चौकटीबाहेर केली, तारीख मागच्या वर्षीची घातली आणि जागेच्या मालकाच्या रकान्यात, घर बायकोच्या नावावर असताना, माझं नाव लिहिलं. या तिन्हींपैकी एकही चूक मी मुद्दाम केली नव्हती. छाननीवाल्याने आनंदाने तीन त्रुटी काढल्या, आम्ही पूर्तता केली आणि अर्ज पुढे सरकला.

मग जागेची पाहणी करायला एक तरुण निरीक्षक आला. त्याने खिशातून टेप काढली, समोर काका उभे दिसले, आणि टेप पुन्हा खिशात ठेवली. साहेबांनी मोजल्यावर मी मोजणं म्हणजे उद्धटपणा होईल, असं तो म्हणाला. चहा घेऊन गेला. पाचव्या महिन्यात परवाना आला. शिक्का मारलेला, गोल, जांभळा. आईने तो उशीखाली ठेवला.

पायाची आखणी करायला गवंडी आला तो स्वतःची टेप घेऊन. त्याची टेप शून्यापासून सुरू होत होती. त्याने दोरी ताणली, आखणीसाठी चुन्याची फक्की टाकली, कुंपणापर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं आणि मला हाक मारली. "सर, दीड मीटर सोडायचाय ना? इथं एक तीसच उरतंय."

मी तिथल्या तिथे हिशेब केला आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. काकांनी दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, व्हरांड्यात पडलेल्या आमच्या टेपकडे पाहिलं. चेहऱ्यावरून एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले.

गवंडी समजूतदार होता. म्हणाला, वीस सेंटिमीटर म्हणजे काय, वीतभर. परवाना हातात आहे, शिक्का आहे, आता पालिकेतून कोण बघायला येतंय? बायको म्हणाली, बांधा. मीही बांधा म्हणालो, पण कुणाला ऐकू येऊ नये इतक्या हळू.

"बघायला मी आलोय," काका म्हणाले.

ते आत गेले आणि आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. मी दाराशी उभा राहिलो, मार्गात अडथळा.

"आई, माझ्याकडून चूक झाली. जागा वीस सेंटिमीटर जास्त दाखवली."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि मीही घाईघाईने पुढे होऊन ते सुचवलं नाही.

"कुणाला दिसणार आहे ती?" आईने विचारलं.

"मला."

आई म्हणाली, "म्हणजे तुम्ही लिहून देणार."

"हो. परवाना परत जाईल. सुधारित नकाशा द्यावा लागेल. तीन महिने."

"खोली लहान होईल."

"वीस सेंटिमीटरने."

"दार राहील ना?"

"राहील," काका म्हणाले.

त्यांनी पट्टी काढली नाही, कागद उलगडला नाही, पेनाला हात लावला नाही. एकतीस वर्षं आणि वर निवृत्तीची चार, एवढ्या काळात त्या माणसाने न मोजता दिलेलं हे एकच उत्तर असावं. आईने उशीखालून परवाना काढून त्यांच्या हातात दिला.

काकांनी आपल्याच नकाशावर तांबड्या पेनाने दोन पानं त्रुटी लिहून पालिकेला सादर केल्या. स्वतःच्या अर्जाविरुद्ध अर्जदाराच्याच माणसाने हरकत घेतल्याची नोंद करायला तिथे रजिस्टरच नव्हतं. नवं रजिस्टर उघडायचं की जुन्यातच मागच्या बाजूने लिहायचं, यावर दोन महिने गेले. तीन महिन्यांचे सात झाले. या काळात आमच्याकडे नवी टेप आली. ती वापरताना आम्ही अजून वीस वजा करतो, त्यामुळे बैठकीच्या खोलीतले पडदे आता पोटरीपर्यंतच येतात.

सुधारित परवाना आला, खोली झाली. छान झाली, खिडकीसुद्धा आली. आईचा पलंग आत नेला, बाहेरच्या भिंतीला लावला. कपाट पायथ्याशी बसलं. मग सुताराने दार बसवलं आणि उघडून पाहिलं. ते अर्धवट उघडून पलंगाला टेकलं.

त्या खोलीची आतली रुंदी एक मीटर पंच्याऐंशी. पलंग एक मीटर. दार नव्वद, कारण आईचा वॉकर त्याहून कमीतून जात नाही. हा हिशेब मी तुम्हाला सांगतोय, कारण आता मला तो झोपेतही येतो. पाच सेंटिमीटर कमी.

दार बाहेर, घराच्या बाजूला उघडायचं म्हटलं तर ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर आपटत होतं. सरकतं बसवायचं तर एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला पाण्याचे पाइप. मी अरुंद पलंग आणायचं सुचवलं. आई म्हणाली, या पलंगावर मी सेहेचाळीस वर्षं झोपते, तू त्याच्यावर जन्मलास, त्या मानाने पलंगाने मला कमी त्रास दिलाय. मी विषय सोडला. काकांनी गुंडाळी उघडली आणि जिना दोन पायऱ्या मागे घेण्यासाठी नवा अर्ज करता येईल, असं खाली मान घालून सांगितलं.

"नको," आई म्हणाली. "पालिकेकडे आहे तेवढा वेळ माझ्याकडे नाही."

दार आमच्या माळ्यावर आहे. खोलीला हिरवा पडदा आहे. त्रुटीकाका दर शनिवारी आईला भेटायला येतात, पडद्याबाहेर उभे राहून चौकटीवर टकटक करतात आणि ती 'या' म्हणेपर्यंत थांबतात.

आम्ही बाकीचे कुणी टकटक करत नाही.