आमचं घर आम्हीच दाखवलं

सभ्य वडीलधाऱ्यांबरोबर भाड्याच्या घरात राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत, घरबसल्या साठत जातात. मैत्रिणी हसतात. त्यांना हसायला काय जातं, त्यांचे वडील घरमालक आहेत.

जळगावात आम्ही एकवीस वर्षं एकाच घरात भाड्यानं राहत होतो. पुढच्या दोन खोल्यांत मालक आबा, मागच्या तीन खोल्यांत नाना म्हणजे माझे वडील, आई आणि मी. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली मी पुण्याहून बी.ए. होऊन इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले आणि त्याच महिन्यात आबांनी घर विकायला काढलं. गावात तेव्हा भाड्यानं एक खोली मिळायची मारामार.

आबा सांगायला आले तेव्हा खूप अवघडले होते. "नाना, तुम्हाला त्रास होणार."

"छे छे, त्रास कसला?" नाना म्हणाले.

* * *

मग घर बघायला लोक येऊ लागले. आबांचे गुडघे दुखायचे, म्हणून घर दाखवायचं काम नानांनी अंगावर घेतलं. "पावसात एक थेंब गळत नाही. विहिरीला मे महिन्यातसुद्धा पाणी." वर प्रत्येकाला चहा. रेशनची साखर बारा तारखेलाच संपली.

"नाना, हे लोक आपल्याला बाहेर काढायला येतात."

"म्हणून काय पाहुण्याला बिनचहाचं पाठवायचं?"

पुढच्या गिऱ्हाइकाला मी हळूच सांगितलं की स्वयंपाकघर गळतं. नानांनी ते ऐकलं आणि लगेच त्याला आढ्यापर्यंत शिडी लावून दिली.

* * *

शेवटी मी एका वकिलांना गाठलं. ते म्हणाले, "घर विकलं तरी भाडेकरू राहतो. नव्या मालकाला तुम्हाला असं उठवता येत नाही. फक्त भाड्याच्या पावत्या आणा."

मी धावत घरी आले. एकवीस वर्षांत नानांनी एकही पावती घेतली नव्हती.

"आबांकडे पावती मागायची? त्यांना काय वाटेल?"

* * *

त्यांना काय वाटतं ते मीच बघायचं ठरवलं. 'हे माझे भाडेकरू आहेत' एवढं आबांनी लिहून द्यावं, म्हणून कागद घेऊन गेले. आबांनी तो वाचला, घडी करून परत दिला आणि तीन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी स्वतःच आले. "पोरी, मी इथे एकटा. धुळ्याची लेक म्हणते, माझ्याकडे या. तिच्या दारात रिकाम्या हातानं कसा जाऊ? आणि माणसांसकट घर कोणी घेत नाही गं."

मला फार राग आला. त्यांचंही बरोबर होतं, याचाच जास्त.

* * *

अखेर चोपड्याचे भास्करभाऊ आले. केळीचे बागाईतदार, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. दोन मुलींना इथल्या हायस्कुलात घालायचं म्हणून त्यांना घर हवं होतं. त्यातली एक माझ्याच वर्गात येणार होती.

चहा झाला. "घर झकास शे, नाना," भाऊ म्हणाले. "पण तुम्ही कुठं जाशात?"

"आमची काळजी करू नका. महिन्याभरात खाली करून देतो."

मी कपाळाला हात लावला. आई पदर खोचून भांडी घासायला गेली. एवढी जोरात भांडी घासताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

* * *

आबा धुळ्याला लेकीकडे गेले आणि महिना संपायच्या आत भाऊंची वास्तुशांत ठरली. आमचं सामान बांधलेलं, जायला जागा नाही आणि नाना दाराला तोरण बांधत होते. पूजेला भाऊंचा धाकटा भाऊ आणि भावजय बसणार होती, पण त्यांची मोटार तापीच्या अलीकडे बंद पडली. मुहूर्त टळत चालला.

"एक जोडपं हवं," गुरुजी म्हणाले.

"त्यात काय, आम्ही बसतो!" नाना म्हणाले. आईनं बांधलेल्या ट्रंकेतून स्वतःचं लुगडं आणि नानांचा सोवळ्याचा मुकटा काढला. दोन्ही सगळ्यात वर होती.

पूजा झाली, आमच्याच चुलीवर दूध उतू गेलं. मग गुरुजी घसा साफ करून म्हणाले, "आता ज्या जोडप्याच्या हातून वास्तू शांत झाली, त्यांनी वर्षभर इथली चूल हलवायची नाही."

भाऊंनी हात जोडले. "आते काय करवा?" मग स्वतःच म्हणाले, "आबांच्या दोन खोल्या खाली शेतस. मी आन् पोरी पुढं राहू. नाना, तुम्ही मागं राहा, भाडं द्या."

मी तोपर्यंत कागद आणि दौत-टाक घेऊन आले होते.

"अगं, लिहून काय घेतेस? भाऊंना काय वाटेल?"

भाऊंनी नानांकडे न बघता भाड्याचं लिहून खाली सही केली. मी ती दोनदा वाचली आणि गुरुजींना गाठलं. ते नारळ पिशवीत भरत होते.

"गुरुजी, हा चुलीचा नियम कुठल्या पोथीत आहे?"

"तुमच्या आईंना विचारा," म्हणून त्यांनी चपला घातल्या.

आई पानं मांडत होती. मी विचारलं.

"पोथीत काय नसतं?" ती म्हणाली. "जा, भाऊंच्या पोरींना जेवायला हाक मार."