बारा महिने, एक पाठ

गावच्या दूध संकलन केंद्रावर दूध मोजायला एक गृहस्थ बसायचे. त्यांच्या गळ्यात कायम कॅमेरा असायचा, एका लग्नाच्या फोटोवाल्याने कंटाळून टाकून दिलेला. कोणी कॅन उचलला, कोणी शिंकलं, कोणाची म्हैस रस्त्यात बसली, की हे हातातलं माप खाली ठेवून ओरडायचे, "थांबा! तसेच थांबा!" शिंकणारा माणूस तसाच कसा थांबणार, याचा विचार त्यांनी वीस वर्षांत केला नाही. गावाने त्यांना थांबाकाका करून टाकलं.

फोटो मात्र ते खरे काढायचे, आणि लोकांची तक्रारही तीच होती. न्हावी म्हणाला, "काका, माझे कान एवढे मोठे आहेत का हो?"

"कॅमेऱ्याने पदरचं काही घातलेलं नाही," काका म्हणाले.

तळ्याकाठी खंड्याची वाट बघत ते तासन्‌तास चिखलात बसायचे. इकडे केंद्रापुढे रांग लागायची, दूध नासायला टेकायचं. काकू सुनवायच्या, "अहो, त्या पक्ष्याला संसार नाही, तुम्हाला आहे." खंड्यालाही संसार असतो, पिल्लं असतात, हे काकांनी एकदा समजावून पाहिलं. त्या दिवशी त्यांना पान स्वतःच वाढून घ्यावं लागलं.

गावच्या कार्यक्रमांत मात्र काकांची डाळ शिजेना. कारण मध्ये उभे असायचे सरपंचबाईंचे यजमान. निवडून आल्या होत्या बाई. भाषणं करायचे हे, फिती कापायचे हे, काम करायच्या बाई. ओढ्यावरच्या मोरीचं उद्घाटन असो की शाळेतल्या मुलींची शर्यत, फोटोत सगळ्यांत पुढे यजमानांचं तोंड. शर्यतीच्या फोटोत पहिली आलेली पोर त्यांच्या कोपराखालून कशीबशी डोकावत होती.

एकदा नव्या पाण्याच्या टाकीच्या कार्यक्रमाला पुढे पाय ठेवायला जागा मिळेना, म्हणून काका वैतागून व्यासपीठाच्या मागे गेले. आणि तिथे त्यांना गाव सापडलं. पंपवाला पाइपवर डोकं टेकून घोरत होता. शाळेतल्या बाई फुग्यांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत होत्या. सरपंचबाई शेवटच्या खुर्चीत बसून, चष्मा नाकावर ओढून पाणीयोजनेचे कागद वाचत होत्या आणि पेन्सिलीने भराभर चुका खोडत होत्या. त्यानंतर चार वर्षं काकांनी कुठल्याच कार्यक्रमाचा फोटो पुढून काढला नाही.

मग गावाचं कॅलेंडर छापायचं ठरलं. बारा फोटो काकांनी निवडायचे होते. यजमानांनी फोन केला. "किती महिन्यांत आहे मी?"

"बाराही महिन्यांत आहात."

"जुलैत तर तळं आणि बदकं आहेत म्हणे?"

"पलीकडच्या काठावर तुम्ही आहात. फीत कापताय."

"वा! मग छापा. मला बघायला वेळ नाही."

बाईंना मात्र वेळ होता. त्यांनी नमुना हातात घेतला, एकेक पान उलटलं. एप्रिलच्या पानावर, टाकीच्या कार्यक्रमात मागे पेन्सिल घेऊन बसलेल्या स्वतःकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग विचारलं, "काका, हे सगळं मागूनच काढलंय?"

"हो. पुढे जागा नव्हती."

"ते मला सांगता होय!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी सही ठोकली.

कॅलेंडर घरोघर पोचलं. बारा महिने यजमानांची पाठ. मार्चमध्ये बाहेर लोंबणारा सदरा, जूनमध्ये डोक्यावरचं टक्कल, ऑक्टोबरमध्ये कंबर खाजवणारा हात. त्यांच्या मागे जे चाललं होतं, ते मात्र लख्ख: घामेजलेली माणसं, हसणाऱ्या बाया, पुन्हा शर्यत जिंकून धापा टाकणारी ती पोर. न्हाव्याने तर दोन कॅलेंडरं नेली. त्याचे कान कुठल्याच महिन्यात नव्हते.

यजमान तणतणत केंद्रावर आले. "माझं तोंड कुठंय यात?"

"ते तुम्ही पुढच्या लोकांना दाखवत होतात," काका दूध ओतत म्हणाले. "मी मागे होतो."

रांगेतलं कोणी हसलं नाही. सगळ्यांनी आपापल्या कॅनमध्ये तोंडं घातली आणि कॅन मात्र बराच वेळ घुमत राहिले.

काकांना कार्यक्रमांची बंदी झाली. शहरातून नवा फोटोवाला आला. तो सगळ्यांचे चेहरे इतके गुळगुळीत करतो की सासू कोण, सून कोण कळत नाही. गाव त्याच्यावर बेहद्द खूश आहे. यजमानांनी मात्र धसका घेतला. कोणाकडेच पाठ नको म्हणून ते आता भिंतीला चिकटून उभे राहतात. मधली जागा रिकामी पाहून बाई एके दिवशी पुढे झाल्या आणि कागद न बघता अर्धा तास पाण्यावर बोलल्या. सभा ऐकत राहिली.

हा फोटो काकांच्या हातून गेला. ते तेव्हा तळ्याच्या गाळात मांड्यांपर्यंत रुतले होते. संध्याकाळी त्यांनी काकूंना त्या दिवसाचा फोटो दाखवला.

"हे काय?"

"बगळा. उडताना."

काकूंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "मला वाटलं, कोणाचा टॉवेल वाऱ्याने गेला," त्या म्हणाल्या. "आधी पाय धुऊन या."