घरी इचारलं का?

आमच्या धाकट्या मामींसमोर आजवर एकाही पुरुषाला स्वतःच्या मनाने साधा निर्णय घेता आलेला नाही. मी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं आणि पेढे घेऊन सिडकोत त्यांच्या घरी गेलो, तर पेढा हातात धरून त्या म्हणाल्या, "ते ठीक हाय भाचेबुवा, पण घरी इचारलं का?" मी म्हटलं, पैसे माझे, गाडी माझी, त्यात विचारायचं काय? मामींनी पेढा परत खोक्यात ठेवला. "आधी इचारा. मग खाते." मी गॅलरीत जाऊन बायकोला फोन लावला. तिने गाडीचा रंग विचारला, किती जुनी ते विचारलं आणि नको म्हणाली. मी अजून बसनेच फिरतो.

या प्रश्नातून कोणी सुटत नाही. मामींच्या स्कूटरचं इंजिन उघडावं लागेल असं मेकॅनिक म्हणाला, तर त्यालाही तेच. तो बिचारा सरळमार्गी, काळे हात पुसून त्याने खरंच बायकोला फोन केला. तिने येताना कोथिंबीर आणायला सांगितली आणि इंजिनाचं राहूनच गेलं. एकदा एक उमेदवार हात जोडून जिना चढून आले, मागे कार्यकर्त्यांची रांग. मामींनी पाणी दिलं आणि घरी विचारून उभं राहिलात का, असं विचारलं. ते आधी मोठ्याने हसले, मग जरा कमी हसले, आणि हळूच म्हणाले, "ती नकोच म्हणत होती, ताई." पुढे ते निवडणुकीत पडले. मामींना त्यांचं मनापासून वाईट वाटलं. मामांचं म्हणाल, तर ते हल्ली टीव्हीचं चॅनेल बदलतानाही आधी स्वयंपाकघराकडे बघतात.

हे खूळ मामींनी माहेरून, बिडकीनहून आणलेलं नाही. ते वाळूजला लागलं. तिथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मामी वेल्डिंगला आहेत. कंपनी मूळची परदेशातली, कारखाने देशोदेशी. काही वर्षांपूर्वी वेल्डिंग करणारे रोबो येणार म्हणून इथल्या एकाला महिनाभर तिकडच्या कारखान्यात शिकायला पाठवायचं ठरलं. जो शिकून येईल तो लाइनचा प्रमुख होणार, हे उघड होतं. मामींचं काम असं होतं की साहेबांना त्यांचं नाव टाळता येईना. त्यांनी बोलावून सांगितलं, "ताई, महिनाभर परदेशात राहावं लागेल. घरी विचारून सांगा."

"इचारायचं काय त्यात, जाते की मी."

"तरीपण विचारा. विचारलेलं बरं असतं."

मामींनी घरी येऊन सांगितलं. मामांनी लगेच स्टूल घेतलं आणि माळ्यावरून मोठी लाल बॅग काढली. दुसऱ्या दिवशी मामी होकार घेऊन पोचल्या, तोवर शेजारच्या मशीनवरच्या मुलाचं नाव पुढे गेलं होतं. "आम्हाला वाटलं, तुमचं काही जमायचं नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटलं होतं. त्या मुलाला घरी विचारायला कोणी सांगितलं नव्हतं. मामींनी चौकशी केली, तर त्याच्या आईला हे तो निघायच्या आदल्या दिवशी कळलं होतं. दुसरी कोणी भांडली असती. मामींनी साहेबांचं वाक्य तेवढं उचललं आणि पहिल्यांदा साहेबांवरच वापरलं. त्यांनी रविवारचा ओव्हरटाइम जाहीर केला तेव्हा.

पुढे कंपनीने सगळ्या देशांतल्या कामगार बायकांची व्हिडिओवर बैठक सुरू केली. बाकीच्या जणी हातमोजे, बूट असं काहीबाही बोलत. मामींनी दुभाष्याला धरून प्रत्येकीला एकच विचारलं, "शिकायला पाठवायचं असलं की तुमच्याकडं बायांना काय म्हणतेत?" मेक्सिकोची बाई म्हणाली, वर्ग संध्याकाळचा आहे, तुम्हाला उशीर चालेल का, असं म्हणतात. पोलंडची म्हणाली, मुलं लहान आहेत ना, पुढच्या वर्षी बघू, असं. मामी माहेरचं माणूस भेटल्यासारख्या खूश. "समदीकडं हायच की हे. निस्ती बोलायची तऱ्हा येगळी." शेवटी उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातल्या बाईची पाळी आली. तिला प्रश्नच कळेना. दुभाष्याने तो उलटसुलट करून पाहिला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पाठवायचं असलं की तारीख सांगतात." त्या संध्याकाळी मी जेवायला होतो. मामींनी कोणालाच काही विचारलं नाही. दुसरी भाकरीही न विचारताच वाढली.

यंदा पुन्हा शिकायला जायची एक जागा निघाली. वयाच्या अटीत मामी आता बसत नव्हत्या, म्हणून नव्या साहेबांनी त्यांनाच नाव सुचवायला सांगितलं. मामींनी शेंद्र्याच्या एका मुलीचं नाव दिलं. मुलगी घाबरून म्हणाली, "ताई, घरी इचारून सांगते." मामी शांतपणे म्हणाल्या, "इचार. निवांत इचार." आणि साहेबांना सांगितलं, "ती घरी इचारतीय. तवर जागा हलवायची नाय." साहेब रोज आठवण करून देत, मामी रोज हेच सांगत. तिच्या वडिलांचं मन वळायला आठवडा लागला. जागा थांबली.

तुम्हाला त्या मुलीचा राग कसा नाही आला, मी विचारलं. "राग कशाचा? इचारण्यात वाईट काय नसतं, भाचेबुवा. मी बी घरी सांगितलंच की. माझ्यासाठी जागा थांबली नाय, येवढंच." इतकी वर्षं मी त्यांच्या प्रश्नाला हसत होतो. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मुलीकडे मोठी बॅग नव्हती. मामींनी तेव्हापासून पलंगाखालीच राहिलेली लाल बॅग ओढली, आतल्या गोधड्या काढल्या आणि पुसून तिला दिली. महिन्याने बॅग परत आली. "मी नाय, पर बॅग तरी बघून आली," म्हणत मामी चहा टाकायला आत गेल्या. बॅगेच्या मुठीला विमानतळाची कागदी पट्टी लोंबत होती. ती कापावी म्हणून मी कात्री उचलली.

"घरी इचारलं का?" टीव्हीवरची नजर न काढता मामा म्हणाले.

आत कपबशांचा आवाज थांबला. मी कात्री जागेवर ठेवली.