सुनंदाताई आणि सोनेरी धूपपात्र

आम्ही जुने सहकारी भेटलो की चहा निवतो आणि कुणीतरी म्हणतंच, "ताईंचं ते आठवतं का?" झालं! एकातून दुसरा किस्सा निघतो.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा संग्रहालयासाठी आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. मी क्लार्क, शेख चाचा शिपाई आणि वस्तूंची सगळी जबाबदारी सुनंदाताईंवर. जुन्या जिल्ह्यातून एक पेटी आली. वर चिठ्ठी, 'पितळी हंडी, एक नग.' चाचांनी ती उघडली आणि मागं सरकले.

"ताई, ह्या हंडीवर तर शेर बसलाय!"

ताई आठवडाभर पुस्तकं चाळत होत्या. मग रजिस्टरात लिहिलं, 'चिनी धूपपात्र. कांस्य, सोन्याचा मुलामा.' धूर त्या सिंहाच्या तोंडातून निघायचा म्हणे!

*

त्या साली दुष्काळ. टँकर आला की सगळं ऑफिस रस्त्यावर! एकदा शेजारच्या ऑफिसातले बाबू गडबडीत पाण्यासाठी धूपपात्रच घेऊन निघाले. ताई दारात आडव्या.

"ते ठेवा. माझी घागर न्या!"

त्या दिवशी ताई पाण्याविना घरी गेल्या.

*

मंत्री येणार म्हणून साहेबांचा हुकूम, "चिंचेनं घासून लख्ख करा."

ताई म्हणाल्या, "सर, पाऱ्यात सोनं कालवून चढवलेला मुलामा आहे. घासला की गेला. घासायचा हुकूम तेवढा लेखी द्या."

साहेब म्हणाले, "राहू द्या, आहे तेच छान दिसतंय!"

*

मुंबईचे एक तज्ज्ञ आले. "ही चीज इथं कोण बघणार? मुंबईला पाठवा."

ताईंनी भिंग पुढं केलं. "पायाशी कमळाच्या पाकळ्या, पोटावर ढग. ढगांत काय आहे, सर?"

"पक्षी."

अर्धापूरचा एक केळीवाला शेतकरी मागून बघत होता. "पक्षी कुठला! वटवाघूळ हाय. बागेत रोज बघून राहिलो की!"

"बरोबर," ताई म्हणाल्या. "चिनी लोक त्याला शुभ मानतात."

धूपपात्र लातुरातच राहिलं!

*

एकदा मुरुडहून ताईंची आई आली. दुष्काळी कामावर खडी फोडून तिनं लेकीला शिकवलं होतं. दाराशी तिनं चपला काढल्या.

चाचा म्हणाले, "मावशी, चपला घाला. हे देऊळ न्हाई. आत नुसती जुनी भांडी हायेत."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "आत माझ्या लेकीचं टेबल हाय."