बावीस जणांची भाकरी

श्रीगोंद्याजवळ एका साखर कारखान्याच्या फाटकासमोर रतनबाई शेलारांची खानावळ होती. कारकून, फिटर असे बावीस जण तिथं महिनेवारी जेवायचे. ताटात चपातीच हवी, यावर सगळ्यांचं एकमत. भाकरी ते गावाकडं सोडून आले होते.

गहू रतनबाईंच्या शेतातला; विकतचा परवडत नसे. त्याला पाच-सहा वेळा पाणी द्यावं लागतं आणि विहीर एकच. पंच्याण्णव साली गहू घरात आला तेव्हा विहिरीचा तळ उघडा पडला होता. म्हशींपासून भांड्यांपर्यंत सगळं टँकरवर आलं.

पोळ्याच्या सुमारास त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "औंदा गहू न्हाई. माळाला हुलगा टाका, काळ्या रानात शाळू. दोन्ही नुसत्या वलीवर येत्यात, पाणी लागत न्हाई."

कानिफनाथ म्हणाले, "आन् गिऱ्हाइकं?"

"ती माझ्याकडं लागली."

हे बोलायला सोपं होतं. रस्त्यापलीकडं दुसरी खानावळ होती आणि तिथं रोज चपाती मिळे. दहा जण जरी तिकडं गेले असते, तरी रतनबाईंची चूल विझली असती.

फेब्रुवारीत शाळूची ज्वारी घरात आली आणि पहिल्याच दिवशी रतनबाई चुकल्या. दुपारचा भोंगा झाला की बावीस जण एकदम यायचे आणि अर्ध्या तासात उठायचे. म्हणून चपात्या सकाळीच करून डब्यात रचून ठेवायची रीत. भाकरीही त्यांनी तशाच रचल्या. दुपारपर्यंत तळातल्या भाकरी चामड्यासारख्या झाल्या. सोबत हुलग्याची आमटी.

फिटर गोरक्षनाथनं भाकरी ताटावर वाजवली. "वैनी, ही छपराला घाला. आन् हुलगा तर आमच्या बैलाचा खुराक हाय."

"बैल दिसभर नांगर वढतो. तुमी पाना फिरवता."

सगळे हसले, पण निम्मी ताटं तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिघं पलीकडं जेवले.

कडक भाकरीवरचा उपाय बावीसही जणांना ठाऊक होता: आमटीत चुरायची. घरी सगळे तेच करत. पण इस्त्रीच्या सदऱ्यात, चार लोकांत, मनगटापर्यंत हात बुडवून ओरपायचं म्हणजे गावंढळपणा.

रतनबाईंनी कुणाला समजावलं नाही. वाट्या काढून टाकल्या आणि खोलगट जर्मनच्या थाळ्या आणल्या. पहिली थाळी हेडक्लार्क राधाकृष्ण भुजबळांपुढं ठेवली. रजेचे अर्ज त्यांच्याच टेबलावरून पुढं सरकत, त्यामुळं त्यांना हसायची कुणाची छाती नव्हती. दोन भाकरी आणि वर काठोकाठ आमटी.

भुजबळांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग बाही कोपरापर्यंत सारली.

"कांदा फोडून द्या," ते म्हणाले, "चिरून नको."

गोरक्षनाथ शेजारच्याला म्हणाला, "सायबच चुराया लागलं. आपली काय इज्जत जातीय?"

त्या दुपारी आमटी पुरली नाही. रतनबाईंनी घरच्यांसाठी काढून ठेवलेलीही वाढली. पलीकडं गेलेले तिघं काही परतले नाहीत. त्यांच्यामागं चौथा मात्र गेला नाही.

महिनाभरानं एकदा पीठ दळून यायला उशीर झाला. पंगत बसली तरी भाकरी थापणं चालूच होतं. रतनबाईंनी वाफाळती भाकरी थेट तव्यावरून गोरक्षनाथच्या थाळीत टाकली. त्यानं चुरून पाहिली, तिचा नुसता गोळा झाला.

"वैनी, ही न्हाई जमत," तो म्हणाला. "कालची शिल्लक असंल तर बघा की."