मेंढीशिवाय लग्न नाही

चहा घ्या, पण हसताना सांडू नका. माझी अक्कल एकदा खरोखरच चरायला गेली होती हो!

दादा गेल्यापासून त्याची रेवा माझीच. पोरगी स्कॉटलंडला नोकरीला गेली आणि तिथलाच नवरा शोधून बसली. लग्न मात्र आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत. विहीणबाईंसमोर दादाची मान खाली जाता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात.

तेवढ्यात रेवाचा मेसेज. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत! 'काका, मेंढीचं तू बघ. ॲलनच्या आईला खूप हौस आहे. मेंढीशिवाय लग्न नाही!'

मेंढी? मी नेटवर 'स्कॉटलंड, मेंढी' असं शोधलं. एकोणीसशे शहाण्णव! त्या वर्षी स्कॉटलंडला राज्याभिषेकाचा दगड परत मिळाला, इंग्रजांनी सातशे वर्षांपूर्वी नेलेला. आणि त्याच वर्षी तिथल्या शास्त्रज्ञांनी एका मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी बनवली, क्लोन! आमच्या ॲलनचा जन्मही शहाण्णवचाच. म्हटलं, यांच्यात मेंढीला मान असणार, आपल्याकडे गाईला असतो तसा.

साकीनाक्याला शूटिंगला जनावरं पुरवणारा एक ओळखीचा आहे. त्याला फोन लावला.

"मेंढीला डायलॉग आहे का?" त्याने विचारलं.

"नाही रे, नुसतं उभं राहायचंय."

ठरल्या दिवशी हॉलमध्ये बायका तळहात पसरून बसलेल्या. मला वाटलं, प्रार्थना असेल! इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, "काका, आपकी भेड आयी है. लिफ्ट से भेजूं?"

झेंडूचा हार घालून मेंढी हजर. मी घसा खाकरला, "वेलकम! नाइन्टीन नाइन्टी सिक्स..."

"काका!" रेवा किंचाळली. "मेंदी रे, मेंदी! हातावरची! लिहिताना एक एच जास्त पडला!"

"मग मेंदीवाली?"

"तूच बोलावणार होतास ना!"

वाट लागली! दादाच्या फोटोकडे बघायची हिंमत होईना.

इतक्यात विहीणबाई उठल्या. मेंढीच्या गळ्यात पडून चक्क रडायला लागल्या! ॲलन इंग्रजीत म्हणाला, "आईचं लहानपण मेंढ्यांतच गेलंय, काका. तिला माहेर भेटलं." मलाही भरून आलं. तळमजल्यावरच्या शिंदेवहिनींनी कोन आणून मेंदीची वेळ निभावली.

परवा विहीणबाईंनी लग्नाचा अल्बम पाठवला. पहिलाच फोटो त्या दिवसाचा. मधोमध मेंढी, आणि कोपऱ्यात माझा नुसता कोपर.

खाली त्यांच्या हाताने, शिकून शिकून लिहिलेलं मराठी: 'रेवाचे काका'.